चेंबरचा बोल्ट कोण आवळतंय?

तळवडे ते निघोजे ह्या पट्ट्यात गॅरेज चालवायचं, तर पाने-पकडी नंतर घेतल्या तरी चालतात. आधी ऐकून घ्यायची सवय लावावी लागते. बाकी गावांत गाडी बिघडली की माणूस मेकॅनिकला विचारतो, "काय झालंय हो?" आमच्याकडं गिऱ्हाईक गाडीतून उतरायच्या आधीच काय झालंय ते मला सांगतं. कारण इथं प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कंपनीत आहे, नाहीतर होता. कुणी इंजिनं जोडलीत, कुणी पत्रा दाबलाय, कुणी रंग मारलाय. गाडीचा एकेक अवयव एकेकानं वाटून घेतलेला, आणि अख्खी गाडी तेवढी माझ्या नशिबी. त्यात मी मूळचा निघोज्याचा, तोंडानं फटकळ. माझी बायको मंदा म्हणते, "तुमचं गॅरेज हातानं चालतं आन् तोंडानं बंद पडतं." खोटं नाही ते.

ह्या अंकाच्या संपादकबाईंची गाडी माझ्याकडंच येते, म्हणून हे लिहिणं गळ्यात पडलं. "जीवनपट नको, गमती लिहा," म्हणाल्या. बरं झालं. जीवनपटात आहे काय? खोललं, पुसलं, जोडलं.

क्वालिटी खात्यातले एक साहेब आहेत. त्यांच्या कंपनीत म्हणे काही बिघडलं की "का?" असं पुन्हा पुन्हा विचारत मुळापर्यंत जायचं, असा नियम आहे. त्यांच्या गाडीचा हॉर्न वाजेना.

"का वाजत नाही?"

"वायर तुटलीय."

"का तुटली?"

"उंदरानं कुरतडली."

"उंदीर का आला?"

"सीटखाली फरसाण सांडलंय."

"का सांडलं?"

"साहेब, आता ते वहिनींना विचारा. मला वायर जोडू द्या."

मी वैतागून बोललो, पण माणूस काय खूश झाला! मूळ कारण सापडलं म्हणे. त्या दिवसापासून त्यांच्या गाडीत फरसाणाला बंदी आहे, आणि वहिनी माझ्याशी बोलत नाहीत.

दुसरे एक लाइनवरचे सुपरवायझर. मी चाक बदलत होतो आणि हे मोबाइलवर वेळ लावून उभे. "बबनराव, पाना तुम्ही लांब ठेवलाय. उठबस फुकट जातीय तुमची." मी म्हटलं, "मग द्या की आणून." त्यांनी दिला. पुढं जॅक दिला, पुढं चिंधी दिली. आता ते आले की मी सलीमभाईंना, म्हणजे माझ्या जोडीदाराला, बिनधास्त जेवायला सोडतो.

तर सांगायचा मुद्दा, ही सगळी हुशार माणसं. पण ह्या हुशारीला एक रोग आहे, आणि तो मी सगळ्या पट्ट्यात पाहिलाय. बोल्ट दिसला की ह्यांचा हात शिवशिवतो. जरासं अजून आवळायचं. घट्ट झालेला असला तरी जरासं अजून. ह्या जरासं-अजूननं माझं नाव कसं धुळीला मिळायची वेळ आली, ते सांगतो.

त्याआधी ज्यांनी गाडीच्या खाली कधी डोकं घातलं नाही त्यांच्यासाठी थोडं. इंजिनाच्या बुडाला एक पसरट भांडं असतं. इंजिनाचं सगळं तेल त्यात येऊन बसतं. आम्ही त्याला चेंबर म्हणतो. त्याच्या तळाला एक भोक, आणि भोकाला बोल्ट. तेल बदलताना तो बोल्ट काढायचा, जुनं काळं तेल सोडून द्यायचं, बोल्ट परत लावायचा. काम संपलं. बोल्ट आणि चेंबर ह्यांच्या मधे एक वॉशर असतो, तांब्याचा नाहीतर ॲल्युमिनियमचा, पातळ, नाण्याएवढा. तो मऊ असतो, म्हणून दाबला की फट बुजवतो. एकदा दाबला गेला की त्याचा जीव संपला. पुढच्या वेळी नवा टाकायचा. लोक तोच परत लावतात आणि मग गाडीखाली थेंब पडायला लागतो.

आता थेंब पडला की माणूस काय करणार? आवळणार. इथंच घोळ आहे. बोल्ट पोलादाचा आणि चेंबर ॲल्युमिनियमचं. आवळत गेलात की बोल्टाला काही होत नाही, चेंबरच्या भोकातले आटे ओढले जातात. आटे ओढले की बोल्ट नीट बसत नाही. बसत नाही म्हणून गळतं, गळतं म्हणून पुन्हा आवळायचं. मोठ्या भावानं धाकट्याला धाक दाखवावा तसं हे आहे. एका हद्दीपर्यंत उपयोग होतो, पुढं धाकटा बिघडतो.

तळवड्यात आमच्या गॅरेजपासून हाकेच्या अंतरावर एक मोठी सोसायटी आहे. खरं सांगायचं तर माझी चूल त्या सोसायटीवर चालते. तिथल्या गाड्या माझ्याकडं आल्या नाहीत, तर मी आणि सलीमभाईंनी पत्ते कुटत बसायचं. त्या सोसायटीतला अमित वाघमारे एके दिवशी गाडी घेऊन आला. अमित आयटीतला, बोलायला मऊ. त्याची गाडी उंच, अजून नवीनच म्हणावी अशी.

"काका, पार्किंगमध्ये तेलाचा थेंब पडतोय. आमच्या चेअरमननी नव्या फरश्या बसवल्यात. त्यांनी माझ्या डागाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकलाय."

"डागाचा?"

"डागाचा. भोवती लाल गोल काढून."

मी गाडी वर घेतली. चेंबरच्या बोल्टाला तेल पाझरत होतं. वॉशर पार चपटा झालेला. नवा वॉशर टाकला, बोल्ट बेतानं आवळला, पुसून कोरडा केला, गाडी दिली. असली कामं मी गप्पा मारता मारता करतो.

आठवडा गेला नसेल, अमित परत. थेंब परत. लाल गोलही परत.

मला जरा लागलं. सलीमभाई म्हणाले, "बबन, बोल्टच बदल." बोल्ट बदलला, कंपनीचा नवा टाकला, वॉशर नवा. आवळायला टॉर्क रेंच घेतला. हा एक पाना असतो, त्यावर जोर ठरवून ठेवायचा. तेवढा जोर झाला की तो 'टक्' असा आवाज देतो आणि आपण थांबायचं. टक् झालं, थांबलो. आणि कंपन्यांत करतात तशी पिवळ्या रंगाची एक रेघ मारली, अर्धी बोल्टावर, अर्धी चेंबरवर. रेघ सरळ आहे म्हणजे बोल्ट हललेला नाही.

गाडी तिसऱ्यांदा आली तेव्हा अमित मऊ बोलत नव्हता. "काका, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा."

आता मला हे बोलायचं? बत्तीस प्रकारची गिऱ्हाइकं सांभाळली, पण चेंबरचा बोल्ट जमत नाही असं मला कुणी म्हटलं नव्हतं! स्वयंपाकिणीला पाणी उकळता येत नाही म्हणण्यातला प्रकार. मी ताडकन बोललो, "जमत न्हाई म्हंजे? तुमीच खाली जाऊन पाने फिरवता आन् वर मलाच बोलता?"

"मी? मला पाना कुठल्या बाजूनं धरतात ते माहीत नाही!"

हे मात्र मला पटलं. पोराचा चेहरा खरा होता. तो तणतणत गेला आणि मी गाडी वर घेतली. पिवळी रेघ तुटलेली. बोल्टावरचा तुकडा पुढं सरकलेला, चेंबरवरचा जागच्या जागी. म्हणजे कुणीतरी आवळलाय. सैल सोडलेला नाही, आवळलाय! चोर असता तर सैल केला असता. हा कोण भला माणूस?

भोकात बोट घालून पाहिलं तर आटे दमलेले. अजून एकदा कुणी जोर लावला असता, तर बोल्ट सरळ हातात आला असता आणि सगळं तेल फरशीवर.

संध्याकाळी सोसायटीतल्याच एका गिऱ्हाइकानं मला ग्रुपवरचा मजकूर दाखवला. अमितनं लिहिलं होतं, शिवीगाळ काही नाही, अगदी सभ्य: कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये साधा ऑइल लीक तीन वेळा दुरुस्त होऊ शकला नाही, सर्वांनी आपापला निर्णय घ्यावा. खाली अंगठेच अंगठे. क्वालिटीच्या साहेबांनी विचारलेलं, "का?" दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंगला येणाऱ्या दोन गाड्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरसुद्धा गॅरेजवरून सरळ निघून गेले. सलीमभाईंनी खरंच पत्ते काढले. 

अमितची गाडी मी तात्पुरती करून दिली होती, वॉशर टाकून आणि पुन्हा पिवळी रेघ मारून. "चार दिवस द्या, चेंबरचं काम पूर्ण करून देतो," म्हटलं. तो नाखुशीनंच हो म्हणाला. पण कोण आवळतंय हे कळल्याशिवाय मी सोन्याचं चेंबर बसवलं असतं तरी गळलंच असतं. म्हणून मी सोसायटीचा वॉचमन सोपान ह्याला धरलं. सोपान नांदेडकडचा, माझ्या गॅरेजात चहा प्यायला येणारा.

"सोपानराव, अमितच्या गाडीखाली कोण जातं?"

सोपाननं इकडंतिकडं पाहिलं. "शेठ, मी काही बोलणार नाही. तुम्ही पहिल्या शिफ्टच्या टायमाला या आन् आपल्या डोळ्यानं बघा."

गेलो. उजाडत होतं. रस्त्यावर कंपन्यांच्या बसा कामगारांना घ्यायला थांबत होत्या, हॉर्न वाजवत होत्या. मी एका खांबामागं उभा. ह्या वयात हेरगिरी करायची वेळ आली! लिफ्टचं दार उघडलं आणि अमितचे वडील बाहेर आले. वाघमारे बाबा.

बाबांना मी ओळखत होतो. आकुर्डीच्या मोठ्या दुचाकीच्या कारखान्यात सगळी नोकरी काढलेला माणूस. असेंब्ली लाइनवर, बोल्ट आवळायच्या कामावर. निवृत्त होऊन झाली काही वर्षं. अंगात कंपनीचा जुना निळा शर्ट, इस्त्री केलेला. काखेत पुठ्ठा, हातात रिंग पाना, चकचकीत पुसलेला. त्यांनी गाडीजवळ पुठ्ठा अंथरला, चपला शिस्तीत बाजूला काढल्या आणि आजारी माणसाच्या अंथरुणाशी बसावं तसे हलकेच टेकून खाली सरकले. पाय तेवढे बाहेर. आतून "हं!" असा आवाज आला.

माझ्या रागाचा पारा चढला. मी पायांपाशी जाऊन ओरडलो, "बाबा! बास! अजून किती आवळताय?"

पाय दचकले. मग आतून शांत आवाज आला, "जय भीम, बबनशेठ."

आता ह्याला काय म्हणायचं? "जय भीम," मी म्हटलं. "बाहेर या आधी."

बाबा बाहेर आले, पुठ्ठा झटकला, पाना रुमालानं पुसला. माझ्याकडं बघायला तयार नाहीत.

"जरा सैल वाटला," म्हणाले.

"रोज सैल वाटतो?"

"रोज न्हाई. पर बघून घ्यावं वाटतं."

"आवो बाबा, तुमच्या त्या बघून घेण्यानं माझा धंदा बसला! त्या ग्रुपवर काय चाललंय ठाऊक हाय का?"

"ठाऊक हाय," बाबा म्हणाले. ते तिथंच गाडीच्या चाकाला टेकून बसले. "शेठ, पहाटं जाग येती. बसचा हॉर्न ऐकला की झोप जाती. पोरगा, सून, नातू, सगळं घर झोपल्यालं. मी करू काय? हाताला वाटतं काहीतरी राहिलंय. लाइनवर माझ्या हातनं एक बोल्ट सैल गेला न्हाई कधी. पर आवळला तर गळाया लागला. गळतो म्हणून अजून आवळला."

मी म्हटलं, "मग आता चला वर. अमितला सांगू, आणि मिटवून टाकू."

बाबांनी माझा हात धरला. इतका जोरात, की चेंबर ह्याच हातांनी गेलं ह्याची खात्री पटली.

"अमितला सांगू नका. माझी पेटी जाईल."

मग मला सगळं कळलं. घरातला प्रत्येक स्क्रू बाबांनी आवळून ठेवलेला होता. नळ बंद केलेले उघडत नव्हते. कुकरचं हँडल पिळून तुटलं. लोणच्याची बरणी उघडायला सून शेजारच्यांकडं जायची आणि शेजाऱ्यांनाही उघडायची नाही, शेवटी फोडली. नातवाच्या सायकलचं हँडल इतकं घट्ट की पोरगं सरळच जायचं, वळायचं नाही. सायकल कुंपणात गेली तेव्हा अमितनं शेवटचं सांगितलं होतं: बाबा, आता एकाही वस्तूला हात लागला तर ती हत्यारांची पेटी भंगारात. पेटीत बाबांचे कामावर असल्यापासूनचे पाने होते, पहिल्या बोनसात घेतलेले, प्रत्येकावर नाव कोरलेलं.

"अमित चांगला हाय," बाबा म्हणाले. "वाईट बोलत न्हाई. पर बोलला तसं करतो."

मी काहीच कबूल न करता घरी आलो. एका बाजूला माझं नाव, दुसऱ्या बाजूला बाबांची पेटी. सरळ आहे, नाव महत्त्वाचं. माझ्या पोटाचा प्रश्न आहे. म्हाताऱ्यानं आवळलं, म्हाताऱ्यानं भोगावं! असं मी मंदाला म्हटलं खरं. ती भाकरी थापत होती.

"सांगून काय व्हनार?" ती म्हणाली. "पेटी जाईल. मग म्हातारा नुसत्या बोटांनी आवळंल."

"मग काय करू?"

"तुमच्या आईला आमटीत मीठ टाकायची सवय व्हती. आठवतंय?"

"आईच्या हाताला चव होती," मी म्हटलं.

मंदानं थापणं थांबवलं. "चव! मी मीठ घालून आमटी करायची, आन् त्या येऊन 'जरा कमी वाटतंय' म्हनून अजून टाकायच्या. तुमी खारट म्हनून ताट सारायचा, आन् बोलनी मला. भांडून उपेग नव्हता. मग मी मीठ टाकायचंच सोडलं. त्या गेल्या तवापर्यंत ह्या घरातलं मीठ त्यांनीच टाकलं. त्याबी खूश, तुमीबी खूश."

माझ्या नाकाखाली, माझ्याच घरात एवढं राजकारण झालं आणि मला पत्ता नाही! वर मी गावभर सांगत फिरलो की बायकोला आमटी जमली ती आईमुळं.

"म्हंजे त्यांना आवळायला काहीतरी ठेवायचं?" मी म्हटलं.

"तुमी मेकॅनिक. तुमी बघा," मंदा म्हणाली आणि तवा उलटा केला.

गाडी आणली. चेंबर खाली उतरवलं. दमलेलं भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडले आणि पोलादी तारेची कॉइल बसवली. ती बसली की ॲल्युमिनियमला पोलादाचे आटे मिळतात. कीस राहू नये म्हणून चेंबर दोनदा धुतलं. नवा बोल्ट, नवा वॉशर, टॉर्क रेंच, टक्. काम देखणं झालं. सलीमभाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि नुसतं "हां" म्हटलं. त्यांच्याकडून ह्यापेक्षा जास्त मिळत नाही.

मग खरी कलाकारी. खालच्या चौकटीला मी एक जाड पट्टी लावली, पट्टीला नट वेल्ड केला आणि त्यात एक झकास मोठा बोल्ट घातला. त्या बोल्टाला गाडीत काहीही काम नाही. काढून नदीत टाकला तरी गाडी तशीच धावेल. खाली रबराचा जाडसर तुकडा दिला, म्हणजे रोज पाना लावला की हाताला थोडं घेतल्यासारखं वाटणार आणि दुसऱ्या दिवशी रबर परत फुगणार. सलीमभाई म्हणाले, "बबन, इतकं डोकं धंद्यात लावलं असतंस तर?"

गाडी द्यायला सोसायटीत मीच गेलो. अमित खाली आला, मागून बाबा. बाबांचा चेहरा निकाल लागायच्या आधीच्या पोरासारखा. मी येतानाच काय बोलायचं ते ठरवलं होतं. उभ्या जन्मात मी गिऱ्हाइकासमोर हे वाक्य बोललो नव्हतो.

"अमितराव, चूक माझी. बोल्ट माझ्या हातनं जास्त आवळला गेला. आटे त्यामुळं गेले. आता पक्कं केलंय, गळणार न्हाई."

बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला. ते मिटलं.

अमित चांगला पोरगा, लगेच निवळला. पण निवळून थांबेल तर शपथ. "काका, तुम्ही मोकळेपणानं सांगितलंत, बरं वाटलं. पण इतकं आवळायचं कशाला? बाबा, तुम्हीच समजवा ना ह्यांना. तुम्ही आयुष्य काढलंत ह्यात."

झाली का पंचाईत! बाबा फरशीकडं बघायला लागले.

"सांगा ना बाबा."

"जास्त आवळू नये," बाबा पुटपुटले.

"का ते सांगा."

"आटे जात्यात."

"ऐकलंत ना काका? अनुभवी माणूस सांगतोय."

"ऐकलं," मी दात आवळून म्हटलं. "लई उपकार झाले, बाबा."

अमित वर गेल्यावर मी बाबांना तो मोठा बोल्ट दाखवला. म्हटलं, "चेंबरच्या बोल्टाला आता हात लावायचा न्हाई, तो जन्माचा बसलाय. पर हा बोल्ट लई नाजूक कामाचा हाय. ह्याच्यावर सगळी चौकट उभी हाय. रोज बघावा लागतो. दुसऱ्या कुणाच्या हातचं काम न्हाई. बघाल?"

बाबांनी वाकून बोल्ट पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "बघतो की."

अमितला मी एवढंच सांगितलं की खालचा एक बोल्ट रोज तपासावा लागेल, आणि ते काम मी बाबांना त्यांच्याच पान्यासह दिलंय. पेटीला कुणी हात लावायचा नाही. तो हसला, म्हणाला, "ठीक आहे, घरातलं लोणचं तरी वाचेल."

ग्रुपवर त्यानं पुन्हा लिहिलं: गॅरेजवाल्या काकांनी स्वतःची चूक प्रामाणिकपणे मान्य केली व काम उत्तम करून दिले. मला वाटलं, आता उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली. चुकणाऱ्या मेकॅनिककडं कोण येणार? पण ह्या पट्ट्याचं गणित वेगळं. इथल्या एकाही माणसानं आयुष्यात चूक मान्य केलेला मेकॅनिक पाहिला नव्हता. बघायला म्हणून यायला लागले! एक बाई स्कूटर घेऊन आल्या आणि दारातूनच, "ते चुकणारे तुम्हीच का?" मी म्हटलं, "हो, बसा." क्वालिटीच्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की चूक मान्य करणं ही सुधारणेची पहिली पायरी असते. मला पाना फेकून मारावासा वाटला, पण त्यांच्याबरोबर दोन नवी गिऱ्हाइकं होती. एक सल मात्र राहिली. ह्या पट्ट्यात मी आता बोल्ट जास्त आवळणारा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि जाताना प्रत्येक जण मला बजावून जातो, "काका, बेतानं हं." ज्यानं उभ्या आयुष्यात एक आटा घालवला नाही, त्याला! मी मान हलवतो आणि आत जाऊन सलीमभाईंवर ओरडतो.

पुढं विजेच्या गाड्या वाढतील तेव्हा हेही संपेल. त्यांच्या पोटात ना तेल, ना चेंबर, ना गळणं. गिऱ्हाईक मला काय शिकवणार, आणि मी कुणावर चिडणार?

खंडेनवमीला आम्ही गॅरेजात हत्यारांची पूजा मांडतो. यंदा बाबा आले. पांढरा सदरा, हातात ती पेटी. "आमच्याकडं पूजा न्हाई," म्हणाले, "पर हत्यारं धुऊनपुसून ठेवायची आमचीबी पद्धत हाय. म्हटलं, तुमच्या हत्यारांच्या बाजूला बसून पुसावी." मी त्यांना पाट दिला. एकेक पाना काढून ते पुसत बसले. सलीमभाई पेढे आणायला गेले होते. दोघंच होतो.

"शेठ," बाबा मान वर न करता म्हणाले, "त्या मोठ्या बोल्टाला काम काय हाय?"

"सांगितलं ना, चौकट..."

"खाली रबर हाय. आज आवळल्यालं उद्या परत तेवढंच सैल. असला बोल्ट कुठल्याच गाडीला नसतो. मला पहिल्या दिवशी हाताला कळलं."

"मग रोज पहाटं उठून आवळता कशाला, बाबा?"

बाबांनी पाना उजेडात धरून पाहिला, त्यावरचं नाव अंगठ्यानं पुसलं आणि पेटीत जागेवर ठेवला.

"तुमी माझ्यापायी सगळ्या सोसायटीत चुकणारे ठरलात," ते म्हणाले. "माझ्या पोरानं तुमाला शिकवलं, मलाबी शिकवायला लावलं, आन् तुमी ऐकून घेतलं. मग तुमी एवढ्या हौसेनं लावल्याला बोल्ट मी आवळायचा न्हाई व्हय?"